पाचव्या दारावर ताई

आमच्या नणंदबाईंचा धंदा म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून "मत कुणाला देणार?" असं विचारायचं आणि उत्तर पेटीत घालून कंपनीला नेऊन द्यायचं. हे ऐकलं की लोकांना वाटतं, बाई भोचक असणार. अजिबात नाही. अठरा वर्षं दुसऱ्यांची मतं गोळा करून ताईंना मतांचा इतका वीट आलाय की आमच्याकडे जेवायला आल्या तर भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, "तुला काय वाटतं?"

सुरुवात साबणापासून झाली. ताईंचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. शिवणकाम जमेना, शिकवण्या घ्यायला आवाज नाही, तेव्हा कुणीतरी त्यांना या सर्वेक्षणाच्या कंपनीत चिकटवून दिलं. पहिली काही वर्षं त्या अंगाचा साबण, दातांची पेस्ट, केसांचं तेल असं विचारत हिंडल्या. मग कंपनीला निवडणुकांची कामं मिळायला लागली आणि ताई साबणावरून सरकारवर आल्या. त्यांचं म्हणणं, साबणाबद्दल लोक जास्त विचार करून उत्तर देतात. अंगाला लागतो ना!

या कामाचे नियम असतात आणि ते कुणी पाळत नाही. ताई पाळतात. कंपनी एक ठिकाण देते, पाण्याची टाकी म्हणा, पोस्ट म्हणा. तिथून चालायला लागायचं, उजवा हात सोडायचा नाही, चार घरं सोडायची आणि पाचव्याचं दार वाजवायचं. पाचव्या घरी कुत्रा असो की नवराबायकोचं भांडण जुंपलेलं असो, तेच दार. कुलूप असेल तर पुन्हा यायचं, एकदा नाही, तीनदा. शेजारीण कमरेवर हात ठेवून "या की, मी सांगते, मला सगळं माहितीय" म्हणून बोलावत असली तरी तिकडे वळायचं नाही. कंपनीतले बाकीचे लोक हॉटेलात बसून दोन कप चहात वीस फॉर्म भरतात. ताई एका फॉर्मसाठी दोन चपला झिजवतात. आमच्या भागात त्यांचं नावच 'पाचवं दार' पडलंय. चौथ्या आणि सहाव्या घरच्या बायका त्यांच्यावर मनापासून रागावलेल्या असतात, कारण अठरा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही.

दुसरा नियम त्याहून अवघड. घरात शिरल्यावर जो दार उघडेल किंवा ज्याचा आवाज मोठा असेल त्याला विचारायचं नाही. घरातल्या मतदारांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला असेल, त्यालाच विचारायचं. एकदा एका घरात मिशीवाले गृहस्थ छाती काढून पुढे आले. म्हणाले, "या घरात फक्त माझं मत चालतं." ताई म्हणाल्या, "चालत असेल. वाढदिवस कुणाचा झाला?" वाढदिवस झाला होता त्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईचा. म्हातारीने कागद घेतला, पेन्सिल घेतली, स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली आणि पंधरा मिनिटं बाहेरच आली नाही. गृहस्थ दाराबाहेरून ओरडत होते, "आई, वरचं! वरचं!" म्हातारी आतून म्हणाली, "ऐकू येत नाही." ताई सांगतात, तिला घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

तर तो कागद. त्यावर पक्षांची यादी असते. माणसाने आडोशाला जाऊन खूण करायची, घडी घालायची आणि ताईंच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. पेटी जेवणाच्या डब्याएवढीच, वर फट, पुढे कुलूप. रोज संध्याकाळी ताई घरी जाऊन पेटी उघडतात आणि कागद बघून तक्ते भरतात. प्रत्येक कागदावर फॉर्मचा नंबर असतो, त्यामुळे कुठल्या घरातून काय आलं हे साऱ्या जगात एकट्या ताईंना कळतं. आणि ताई ताकाला तूर लागू देत नाहीत.

निवडणूक आली की दोन्ही मोठ्या पक्षांचे लोक त्यांच्या मागे लागतात. एकाने तर सांगितलं, "बोलू नका हो, नुसती मान हलवा. आम्ही पुढे की ते पुढे?" तेव्हापासून निवडणुकीच्या महिन्यात ताई मान हलवतच नाहीत. दुकानदाराने "आणखी काही?" म्हटलं तरी ताठ उभ्या राहतात आणि तोंडाने स्पष्ट "नको" म्हणतात. कोण कुठला अर्थ काढेल, सांगता येत नाही.

आता ताईंचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मास्तर. माझा नवराच, पण सारं गाव मास्तर म्हणतं म्हणून मीही इथे तेच लिहिते. मास्तरांची गाडी शिकवायची शाळा आहे. एक खोली, दोन गाड्या, भिंतीवर खुणांचा तक्ता. खोलीत वाहतुकीचे नियम मी शिकवते, रस्त्यावर गाडी ते शिकवतात. आमच्या गाड्यांना दोन-दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्यापाशी, एक मास्तरांपाशी. मास्तरांच्या तोंडाला मात्र एकही नाही. "आरसा मागचं बघायला असतो, भांग पाडायला नाही." "गिअर बदला म्हटलं, उपटा नाही म्हटलं." एका प्राध्यापकांना ते भर चौकात म्हणाले होते, "तुम्हाला शिकवलं कुणी हो?" शिकवत तेच होते.

असल्या माणसाला राज्याच्या निवडणुकीत उमेदवारी कोण देईल? एका पक्षाने दिली. हा पक्ष एवढा होता की अध्यक्ष, सरचिटणीस आणि तमाम कार्यकर्ते एका गाडीत मावायचे आणि तरी मागची सीट रिकामी राहायची. त्यांना उमेदवार हवा होता की दोन गाड्या हव्या होत्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मास्तर शेंड्यापर्यंत गेले.

"बावीस वर्षांत नऊ हजार माणसांना गाडी शिकवली," ते मला म्हणाले. "घरटी चार मतं धर. छत्तीस हजार झाली. मागच्या खेपेला चाळीस हजारांवर सीट निघाली होती. उरलेली चार भाषणात मिळतील."

"आणि त्या नऊ हजारांना तुम्ही बोललात ते?"

"ते शिकवणं असतं. लोकांना कळतं."

प्रचाराला पैसा लागणार होता. नाक्यापलीकडचा दुसरा क्लासवाला आमची शाळा पाट्यांसकट आणि गाड्यांसकट घ्यायला टपलेलाच होता. ठरलं असं: अर्ज मागे घ्यायची मुदत ज्या दिवशी दुपारी तीनला संपत होती, त्याच दिवशी चार वाजता सह्या करायच्या. म्हणजे तीनपर्यंत मास्तर मागे फिरले नाहीत, तर चारला आमची शाळा गेली. आमचं दोघांचं पोट त्या एका खोलीवर आणि दोन गाड्यांवर चालतं. मी म्हटलं, "आणि पडलात तर?" ते म्हणाले, "पडलो तरी नेता होईन." मी म्हटलं, "नेत्याला जेवायला लागतं का?" त्यावर ते भाषणाची तयारी करायला माडीवर गेले. गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि नेमकं त्याच वेळी कंपनीने आमचाच मतदारसंघ ताईंना दिला. ताई सरळ साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझा भाऊ उभा आहे, मला दुसरीकडे पाठवा. साहेबांनी पक्ष विचारला. ताईंनी सांगितला. साहेब हसले आणि म्हणाले, "मग काही अडचण नाही, जा." हे ताईंनी मला सांगितलं. साहेब का हसले ते त्यांना समजलं होतं, पण ते काही त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी ताई आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा मास्तरांनी विषय काढलाच. "काय ताई, हिंडतेस ना? लोक माझं नाव काढतात का?"

"काढतात," ताई म्हणाल्या. बिचाऱ्या खरं बोलून गेल्या.

"काय म्हणतात?"

ताईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मास्तरांनी मला डोळा मारला. हात धुताना माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंस? आकडा मोठा आहे. लहान असता तर दयेपोटी तरी सांगितला असता. मोठा असला की माणूस दडवतो."

आता याला काय म्हणावं! ताई जेवढ्या गप्प बसत, तेवढी मास्तरांची मतं वाढत. दुसऱ्या आठवड्यात ताई आमच्या दारावरून मान खाली घालून गेल्या, त्या दिवशी मास्तर पंचेचाळीस हजारांवर पोचले.

मी ताईंच्या घरी गेले. म्हटलं, "ताई, एक शब्द सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. शाळा विकायला निघालेत हो."

ताई तक्ते भरत होत्या. त्यांनी कागद उलटे करून ठेवले आणि मगच माझ्याकडे बघितलं. "तो विकायला निघालाय ते मला दिसत नाही का? माझा भाऊ आहे तो. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या. पण आज मी भावाला सांगितलं, तर उद्या त्या मिशीवाल्याला का नको सांगायला? त्याच्या आईने काय केलं ते? अशा किती जणी माझ्या भरवशावर कडी लावून आत जातात, माहीत आहे तुला?"

 राग आला, तो आला. पण त्यांचं चुकत होतं असंही म्हणवेना.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला आमची घंटा वाजली. दारात ताई. हातात पेटी, गळ्यात कंपनीचं कार्ड. एरवी त्या फाटकापासूनच हाक मारत येतात, घंटा कधी वाजवत नाहीत.

"नमस्कार," ताई म्हणाल्या. "मी सर्वेक्षणासाठी आले आहे. आपला थोडा वेळ मिळेल का?"

मास्तर आतून आले, हातात पत्रकाचा मजकूर. "ताई, बरी आहेस ना?"

"वरच्या गल्लीतून मोजत आले," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पाचवं तुमचं निघालं. तीनदा मोजलं मी." मग पुन्हा आवाज सरळ करून, "या घरात मतदार किती?"

"तुला माहीत नाही?"

"माझं माहीत असणं चालत नाही. आपण सांगा."

"दोन," मास्तर म्हणाले आणि खुर्ची ओढून ऐटीत बसले. "विचार, विचार. सगळं मोकळेपणाने सांगतो."

"दोघांपैकी सगळ्यात अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?"

 माझा वाढदिवस गेल्याच आठवड्यात झाला होता. त्याच दिवशी मास्तर वाजतगाजत अर्ज भरायला गेले होते आणि आल्यावर मला म्हणाले होते, आजचा दिवस लक्षात ठेव.

"मला विचारा," मी म्हटलं.

ताईंनी मला शिक्षण विचारलं, काम विचारलं. "आपल्या भागातली मुख्य समस्या कोणती?" असं विचारलं तेव्हा मी मास्तरांकडे बघितलं. ताईंनी लिहिलं, 'सांगता येत नाही'. मग त्यांनी घडी घातलेला कागद आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी स्वयंपाकघरात गेले.

कागद उघडला. वर सत्तेतला पक्ष, खाली सत्तेबाहेरचा, त्यांच्यातून फुटलेले आणखी दोन, आणि अगदी तळाला एकच शब्द, 'इतर'. मी कागद उलटून पाहिला, मागे काही असेल म्हणून. मागे फॉर्मचा नंबर होता. आमच्या मास्तरांचं नाव नव्हतं, त्यांच्या पक्षाचंही नव्हतं. नऊ हजार माणसांचा हिशेब मांडणारा हा माणूस कंपनीच्या लेखी नावालासुद्धा नव्हता, आणि ताई इतके दिवस हा कागद पिशवीत घेऊन आमच्यासमोर जेवत होत्या.

मला एकदम रडू आलं. या माणसाचा मला इतके दिवस नुसता संताप येत होता, पण तो तळाचा शब्द वाचून मला त्यांची अशी काही माया आली की विचारू नका. माझा नवरा आणि इतर? मी डोळे पुसले, 'इतर'वर पेन्सिल दाबून खूण केली, कागद जवळजवळ फाटला, आणि घडी घालून बाहेर आले. कागद पेटीत टाकला.

मास्तर फोनवर होते. क्लासवाल्याला सांगत होते, "उद्या चारला पक्कं. कागद तयार ठेवा." फोन ठेवून हात चोळत म्हणाले, "चला, एक तर पडलं पेटीत. सुरुवात घरापासून!"

माझ्या डोळ्यांसमोर आमची खोली आली, खुणांचा तक्ता आला. आणि मी काय बोलतेय हे कळायच्या आत बोलून गेले.

"मी तुम्हाला दिलेलं नाही."

"काय?"

"मत. दुसऱ्याला दिलं."

ताई घाबरून म्हणाल्या, "अगं, उत्तर मोठ्याने सांगायचं नसतं!" पण मास्तरांना ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते. "का?"

"पहिल्या दिवशी गाडीत तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?"

त्यांना आठवत नव्हतं. मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले होते, तिथूनच आमचं सगळं पुढचं. मी सांगितलं, "म्हणालात, बाई, रस्त्यावरच्या लोकांनी तुमचं काय घोडं मारलंय? एकवीस वर्षं झाली. तुमच्याशी लग्न करूनसुद्धा मी ते विसरलेली नाही. बाकीच्यांनी तर लग्नही केलेलं नाही. मी शिकवते ते नियम लोक परवाना हातात पडला की विसरतात. तुमचं वाक्य नऊ हजारांतलं कुणी विसरलेलं नाही. प्रत्येकाकडे एकेक आहे."

हे मात्र शब्दन् शब्द खरं होतं. खोटं होतं ते आधीचं.

मास्तर ताईंकडे वळले. ताई पेटीचं कुलूप ओढून बघत होत्या. "धन्यवाद," त्या म्हणाल्या. "आपण वेळ दिलात." आणि फाटकाबाहेर पडून चार घरं सोडून पाचव्याकडे गेल्या.  

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते चपला घालून निघाले. मीही मागे निघाले, कारण कुठे जाणार ते मला कळलं होतं. ताई टेबलापाशी बसल्या होत्या. समोर पेटी उघडी, कागद गठ्ठ्यात बांधलेले. मला पाहून त्यांनी क्षणभर डोळे मिटले. म्हणजे त्यांनी माझा कागद बघितला होता.

"ताई," मास्तर म्हणाले, "दुसरं काही विचारत नाही. पंचेचाळीस हजार राहू दे, पाच हजार राहू दे. हिने मला दिलं की नाही, एवढंच सांग. दिलं असेल तर जग गेलं खड्ड्यात, मी लढतो. नसेल दिलं तर आत्ता जाऊन अर्ज मागे घेतो. ज्याला घरातून मत नाही त्याने लोकांच्या दारात काय तोंड घेऊन जायचं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी. ताईंनी 'दिलं' म्हटलं की संपलं. खरंही तेच होतं. आणि भावाचं ते केविलवाणं तोंड बघून कुठल्या बहिणीला ते म्हणावंसं वाटणार नाही? मला हात जोडावेसे वाटत होते, पण मी हललेसुद्धा नाही.

ताई भावाकडे बघत राहिल्या. मान हलवली नाही, हात उचलला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं, तेही त्यांनी पुसलं नाही, कारण पुसण्याचाही काही अर्थ निघतो. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली असतील. एरवी ताईंच्या गप्प बसण्याचा अर्थ मास्तर आपल्या बाजूने लावायचे. आज काही केल्या तो लागेना.

"कळलं," ते म्हणाले.

घरी येऊन ते शाळेच्या गाडीत जाऊन बसले, आपल्या नेहमीच्या जागी नाही, शिकणाऱ्याच्या जागी. दोन वाजेपर्यंत तिथेच होते. मग गाडी चालू केली आणि गेले. तीनला दहा कमी असताना अर्ज मागे घेतला. चारला क्लासवाला सह्यांचे कागद घेऊन आला, त्याला मीच सांगितलं की शाळा विकायची नाही. तो म्हणाला, "मास्तरांना विचारा तरी." मी म्हटलं, "घरात माझंच चालतं." कधी नव्हे ते बोलून घेतलं.

त्या संध्याकाळी मी ताईंकडे गेले. म्हटलं, "तुम्ही माझं खोटं झाकलंत."

"मी काही झाकलं नाही," ताई म्हणाल्या. "अठरा वर्षं करते तेच केलं. फक्त या वेळी आतून सोलून निघाले गं." आणि मग त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या रडल्या की मला त्यांना चहा करून द्यावा लागला. साखर कमी पडली होती. त्यांनी सांगितलं नाही.

अकरा दिवस मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. बाराव्या दिवशी वर्तमानपत्रात कंपनीचा अंदाज छापून आला. आमच्या मतदारसंघातल्या एकशे वीस मतदारांना विचारून काढलेला. वर दोन मोठे आकडे, मध्ये दोन लहान, आणि खाली बारीक अक्षरात, इतर, शून्य पूर्णांक आठ टक्के. मास्तरांनी पेन्सिल घेऊन गणित मांडलं. एकशे विसातला एक.

 एकशे वीस दारं ताईंनी वाजवली होती, आणि त्या सगळ्या पेटीभर कागदांत एकच खूण तळाला होती. ती कुणाची हे मला माहीत होतं. आता हे खचणार, असं मला वाटलं.

मास्तर उडालेच. "एक होता! बघ, एक तरी होता!"

"इतरमध्ये आणखी पाच उमेदवार आहेत," मी म्हटलं.

"छे, तो माझाच. तू तर दिलं नाहीस. मग कोण असेल?" त्यांनी कागद घेऊन नावं लिहायला सुरुवात केली. प्राध्यापक? शक्य नाही. पोस्टातली बाई? तिला ते म्हणाले होते की पत्रंसुद्धा तुमच्यापेक्षा वेगाने जातात. यादी लिहिता लिहिता ते एकेकाला आपण काय बोललो ते आठवत गेले आणि चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं ऐकूनही कुणीतरी मला दिलं. कोण असेल गं तो देवमाणूस?" मी भांडी घासत होते, म्हणून पाठ होती ते बरं.

तेव्हापासून आमच्या गाडीत कुणी फुटपाथवर चाक चढवलं, तर मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "हरकत नाही, पुन्हा करू." कुणास ठाऊक, मत देणारा तोच असायचा, किंवा त्याची मुलगी. परवा एका शिकाऊ माणसाने कचऱ्याची पेटी आडवी केली तर त्याला म्हणाले, "आरशाचाही थोडा दोष आहे." तो माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या खेपेला पुन्हा उभे राहतील, ही एक भीती. आणि मत कुणाचं ते कळलं की फक्त माझ्याशीच गोड बोलतील. आत्ता सगळ्या गावाशी बोलतायत, ते काय वाईट आहे?

माझ्याशी मात्र ते वेगळेच वागतात. काल जुन्या गाडीचा क्लच गेला. एवढ्या वर्षांत गाड्यांतलं कधी मला विचारलं नाही. काल दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "दुरुस्त करावी की बदलावी? तुझं मत काय?" मी वर बघितलं तर चेहरा अगदी पाचव्या दारावर उमेदवार उभा असावा तसा.

म्हणाले, "घाई नाही. विचार करून सांग. मागच्या वेळी मी विचारलंच नव्हतं."

मी म्हटलं, बरं, सांगते.